आधी त्याला लपू द्या

मेलबर्नजवळच्या पॉइंट कुकच्या ताई, तुम्ही लिहिलेलं तीनदा वाचलं. थोडक्यात असं: पाच आठवड्यांपूर्वी तुम्ही एका कुटुंबाकडून तीन वर्षांचा नर कार्पेट पायथन (इथला ऑस्ट्रेलियातला अजगर) घेतलात. त्याच्या "जंगल" आणि "कोस्टल" या दोन प्रकारांचा संकर, लांबी पावणेदोन मीटरच्या आसपास. काळ्या-पिवळ्या वेटोळ्यावरून लेकीनं नाव ठेवलं चकली. पहिल्या आठवड्यात त्यानं एक उंदीर खाल्ला, त्यानंतर तीनदा नाकारला. समोरून कोणी गेलं की काचेवर झेपावतो. रात्री नऊपासून पहाटेपर्यंत फेऱ्या मारतो, वरच्या जाळीला नाक घासतो. मागच्या रविवारी त्यानं तुमच्या मिस्टरांचा अंगठा धरून हाताला विळखा घातला. आता घरात "डूख धरलाय" असं बोललं जातं, लेक रडते, आणि तुम्ही विचारताय की हा माणसाळेल का परत देऊन टाकू. (नाव चकली असलं तरी नर आहे, म्हणून मी आपली "तो"च म्हणणार.)

परत देऊ नका. निदान दोन महिने तरी नको. त्याला तिसऱ्या घरी पाठवलं तर हेच सगळं तिथे पहिल्यापासून सुरू होईल.

उत्तराचा अर्धा भाग तुमच्याच पत्रात आहे. पहिल्या आठवड्यात त्यानं खाल्लं, आणि त्या आठवड्यात "दमून आलाय बिचारा" म्हणून तुम्ही त्याला हात लावला नव्हता. आठव्या दिवसापासून रोज वीस मिनिटं बाहेर काढायला लागलात, कारण विकणाऱ्यानं सांगितलं होतं की रोज हाताळा म्हणजे शांत होईल. खाणं त्याच दिवसापासून बंद. आजारी साप सहसा आल्यापासूनच खात नाही. हा खात होता, मग थांबला. मध्ये बदललं काय, तर तुमचे हात आले. तेही बागकामाच्या जाड हातमोज्यांत.

साप डूख धरत नाही. मी सांगली जिल्ह्यातली, बत्तीस शिराळ्यापासून फार लांब नाही आमचं गाव. डुखाच्या गोष्टी ऐकतच मोठी झाले, आणि नागपंचमीला नाग दूध पितो असं मानणारी माणसं घरातच होती. सूड उगवण्याइतकं सापाच्या डोक्यात काही साठत नाही. पण "हे झालं की ते होतं" एवढं तो शिकतो, आणि चांगलं शिकतो. चकली महिनाभरात एकच गोष्ट शिकला: दार सरकलं की वरून दोन जाडजूड पंजे येतात, पकडतात, आणि सुटकेला कुठे जागा नसते. आता त्याला दुसरं काहीतरी शिकवायचंय. ते शिकवण्याआधी त्याचं घर नीट करावं लागेल, कारण घाबरलेल्या जनावराला काही शिकता येत नाही.

अंगठ्याचं आधी निस्तरू, कारण तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्यात. काचेवर झेपावणं ही भीती आहे. मान इंग्रजी एस अक्षरासारखी मुडपलेली, अंग आक्रसलेलं, फुत्कार, मग झटक्यात पुढे येऊन लगेच मागे. त्यात बऱ्याचदा तोंडही उघडत नाही, नुसता ठोसा असतो. गावाकडे ओढ्यात दिवड डिवचली तर ती काय करते हे ज्यानं पाहिलंय त्याला मला काय म्हणायचंय ते कळेल. दिवड बिनविषारी, पण थयथयाट असा की माणसाला नागच वाटावा. घाबरून चावणारा साप धरून ठेवत नाही. त्याला तुम्ही जायला हवे असता.

अंगठा मात्र धरून ठेवला आणि विळखा घातला. ती भूक. तुम्हीच लिहिलंय की मिस्टरांनी आधी फ्रीजरमधला मेलेला उंदीर कोमट पाण्यात गरम केला, तो नाकारला म्हणून हातानंच बाहेर काढायला गेले. हाताला उंदराचा वास. त्यात कार्पेट पायथनच्या खालच्या ओठावर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात. अंधारात त्याला गरम, उंदराचा वास येणारी, हलणारी वस्तू जाणवली. त्यानं जे करायला हवं तेच केलं. त्यात मला एक चांगली बातमीही दिसते: भूक मेलेली नाही.

पुन्हा असं झालं तर हात झटकू नका, ओढू नका. त्याचे दात मागे वळलेले असतात, ओढलं की कातडी फाटते आणि दात मोडून आत राहतात. नळाचं गार पाणी तोंडावर सोडा किंवा हात निर्जंतुक करायचं जेल तोंडाच्या कडेला थेंबभर लावा, तो सोडतो. विळखा शेपटीकडून उलगडा, डोक्याकडून नाही. मग साबणानं धुवा, आणि धनुर्वाताची लस किती वर्षांपूर्वी घेतली होती ते तपासा. कार्पेट पायथन बिनविषारी आहे. दुखतं, रक्त येतं, एवढंच.

हे लेकीला समजावताना एक गोष्ट मात्र ठासून सांगा, आणि आजच. हा नियम घरातल्या चकलीचा. मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या वस्त्यांत, नाल्याकाठी, पाणथळ जागेजवळ टायगर स्नेक आणि ईस्टर्न ब्राऊन निघतात. दोन्ही जीवघेणे. बाहेर दिसलेला साप कुठला का असेना, त्याच्याजवळ जायचं नाही. चावलाच तर हलायचं नाही, 000 ला (इथला तातडीचा नंबर) फोन, आणि चावल्या जागेपासून सुरू करून त्या पूर्ण हाताला किंवा पायाला घट्ट इलॅस्टिक बँडेज बांधून, हलू नये म्हणून आधाराला पट्टी लावायची. जखम धुवायची नाही. घरात साप पाळणाऱ्यांची मुलं सापाला भीत नाहीत, हे कौतुकाचं आहे आणि धोक्याचंही.

आता घर. तुम्ही पाठवलेल्या वर्णनावरून मला दिसतं ते असं: दिवाणखान्यात टीव्ही आणि पॅसेजचं दार यांच्या मध्ये चार फुटी काचेची पेटी, चारही बाजूंनी आरपार, वर जाळी. आत लपायला एक प्लास्टिकची अर्धगोल गुहा, दोन्हीकडून उघडी. चोवीस तास चालू असलेला लाल दिवा, थर्मोस्टॅट (तापमान आपोआप राखणारं यंत्र) नाही. एक फांदी.

त्या पेटीत बसून विचार करा. चहूकडून उजेड, चहूकडून माणसं, टीव्हीचा ठोका. सापाला बाहेरचा कान नसतो, पण ज्यावर तो टेकलाय त्यातून येणारी थरथर जबड्यातून थेट आतल्या कानापर्यंत जाते. पेटी ज्या कपाटावर आहे त्याच कपाटात तुमचा मोठा स्पीकर आहे असं तुम्ही सहज लिहून गेलात. मला ते वाचून कसंसंच झालं. एका घरी असाच "आक्रमक" ठरवलेला साप पाहायला गेले होते. पेटी स्पीकरवरून उचलून झोपायच्या खोलीत ठेवली, बाकी काहीही केलं नाही, आणि दहा दिवसांत अर्धा फरक पडला. अर्धाच, पण पडला.

तेव्हा पहिलं काम: पेटी हलवा. कमी वर्दळीची खोली, दाराच्या झोतात नाही, खिडकीच्या उन्हात नाही, डक्टेड हीटिंगच्या झडपेखाली नाही. उंचीवर ठेवता आली तर उत्तम. माणूस वरून वाकून बघतो तेव्हा सापाला शिकारी पक्षी आठवतो, आणि इथला कुकाबुरा साप मारून खातो हे तुम्हाला माहीत असेलच. पेटी छातीच्या उंचीवर असली की तुम्ही समोरून येता. समोरून येणारं त्याला दिसतं.

दुसरं: तीन बाजू झाका. ब्राऊन पेपर, रद्दी, जुनी चादर, काहीही चालेल. पहिले दोन आठवडे पुढची काचही वरचा थोडा भाग सोडून झाका. "मग आम्हाला तो दिसणार कसा?" दिसणार नाही. हेच मोल आहे. जाळीवर नाक घासणं यानं बरंच कमी होतं, कारण आरपार दिसणारी गोष्ट वाट आहे की भिंत हे त्याला कळत नाही, म्हणून तो पुन्हा पुन्हा ढकलून बघतो. वरची जाळी खरखरीत असेल तर उष्णतेची जागा सोडून बाकीवर आतून गुळगुळीत प्लायचा तुकडा बसवा. नाकावर आत्ताच लाल चट्टा आहे म्हणालात. तो ओला दिसला, सुजला किंवा खपली धरून पुन्हा सोलला, तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या. तोंडात संसर्ग पसरायला वेळ लागत नाही.

तिसरं: लपायच्या जागा दोन. एक गरम टोकाला, एक थंड टोकाला. ऐसपैस नको. वेटोळं घातल्यावर पाठ छताला आणि कडा भिंतींना टेकतील इतकी अडचणीची हवी, आणि तोंड एकच. माणसाला प्रशस्त आवडतं म्हणून सापालाही आवडेल असं धरून आपण मोठी गुहा आणतो, आणि तो बाहेर पाण्याच्या भांड्यामागे आखडून बसतो. एकच गुहा असली की त्याला ऊब किंवा आडोसा, दोन्हीतलं एकच निवडावं लागतं. बहुतेक वेळा तो आडोसा निवडतो, गारठतो, गारठल्यावर पचत नाही, पचत नाही म्हणून खात नाही. कार्पेट पायथनना चढायला आवडतं, म्हणून एकीच्या दोन-तीन जाड फांद्या करा आणि वर प्लास्टिकच्या पानांचा गच्च झुपका बांधा. माझ्याकडचे बरेचसे गुहेपेक्षा त्या पानांतच दिवस काढतात.

चौथं, आणि यावर मी जरा रेंगाळणार आहे: उष्णता. काचेला चिकटवलेला गोल काटा 31 दाखवतो म्हणालात. त्या काट्याचा काहीही उपयोग नाही. तो काचेचं तापमान सांगतो. माझ्या पहिल्या जंगल कार्पेटच्या वेळी मी त्याच काट्यावर विसंबले होते. काटा 32 म्हणत होता, साप सगळी रात्र फिरत होता, मी समजत होते की चंचल जात आहे. शेवटी प्रोबवाला (तारेच्या टोकाला तापमान मोजणारा तुकडा असलेला) डिजिटल थर्मामीटर आणून दिव्याखालच्या फांदीवर बांधला तर 41. आणि पहाटे, दिवाणखान्याचं हीटिंग बंद झाल्यावर, दुसऱ्या टोकाला 14. तो चंचल नव्हता, त्याला बसायला एकही जागा नव्हती. चार महिने तिनं (ती मादी होती) धड खाल्लं नाही, आणि त्या चार महिन्यांत मी तिला "सवय लागावी" म्हणून हाताळतच राहिले. तुम्हाला जे सांगतेय ते असं शिकलेलं आहे.

तुम्हाला हवं ते असं. गरम टोकाला तो जिथे टेकतो त्या पृष्ठभागावर 31 ते 33 अंश. थंड टोकाला 24 ते 26. रात्री सगळं उतरलं तरी चालेल, पण 20 च्या खाली नको, आणि मेलबर्नच्या जुन्या घरांत ऑगस्ट-सप्टेंबरात खोली सहज त्याखाली जाते. लाल दिवा काढून टाका. रात्र काळोखी असू द्या. त्याऐवजी उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लावा, त्याला बाहेरून पिंजरा हवाच, नाहीतर साप हीटरलाच विळखा घालून बसेल आणि भाजेल. आणि थर्मोस्टॅट. थर्मोस्टॅटशिवाय कुठलाही हीटर साप असलेल्या पेटीत लावू नये, यावर मी वाद घालत नाही. थर्मोस्टॅटचा प्रोब हीटरच्या झोतात न ठेवता साप बसतो त्या पातळीला बांधा, आणि घट्ट बांधा. सुटलेला प्रोब थंड कोपऱ्यात पडला की थर्मोस्टॅट बिचारा तापवतच राहतो.

पाण्याचं भांडं जड, रोज ताजं. दमटपणाचं फार मनाला लावून घेऊ नका. 50-60 टक्के पुरे, कात टाकायच्या वेळी थोडा जास्त.

आता रात्रीच्या फेऱ्यांबद्दल एक गोष्ट जी तुम्हाला विकणाऱ्यानं सांगितली नसावी. इथे ऑस्ट्रेलियात हिवाळा संपतोय. कार्पेट पायथनचा विणीचा हंगाम थंडीतून वसंतात जातो, आणि तीन वर्षांचा नर या दिवसांत मादीच्या शोधात रात्रभर चालतो आणि महिना-दोन महिने अन्नाकडे ढुंकून बघत नाही. म्हणजे वरचं सगळं केल्यावरही फेऱ्या लगेच थांबतीलच असं नाही. ऑक्टोबर संपेपर्यंत वाट बघा. ही चूक तुमचीही नाही आणि त्याचीही नाही. भीतीच्या फेऱ्या आणि या फेऱ्या यांत फरक असा, की या फेऱ्यांत तो सैल असतो, जीभ सावकाश आत-बाहेर, मान मुडपलेली नसते, तुम्ही आलात तरी चालतच राहतो.

आणि एक शक्यता आजच तपासून काढून टाका: गोचिडीसारखे बारीक किडे, माइट्स. दुसऱ्या घरून आलेल्या सापात हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये. पाण्याच्या भांड्याच्या तळाशी मिरपुडीसारखे काळे ठिपके, हनुवटीखालच्या खवल्यांत आणि डोळ्याच्या कडेला काळे कण, साप तासन्‌तास पाण्यात बसलेला. पांढऱ्या टिश्यूवर अंग हलकं पुसून बघा. असलेच तर डॉक्टरकडे. घरगुती फवारे मारू नका, काही फवारे सापालाच मारतात. तसंच तोंड उघडं ठेवून श्वास, नाकाशी बुडबुडे, घरघर यातलं काहीही दिसलं तर माझ्या उत्तराची वाट बघू नका.

सगळं मांडून झालं की दार लावा आणि चौदा दिवस हात लावू नका. पाणी बदलायचं, घाण काढायची, तीही लांब चिमट्यानं, दिवसा, तो गुहेत असताना. मुलीला सांगा की चकली सुट्टीवर आहे. हे दोन आठवडे लोकांना सगळ्यात जड जातात. काहीतरी करावंसं वाटतं. काही न करणं हेच करायचंय.

सातव्या-आठव्या दिवशी संध्याकाळी, दिवे मालवून अर्धा तास झाल्यावर, एक उंदीर द्या. नेहमीपेक्षा लहान. त्याच्या अंगाचा सर्वात जाड भाग जितका, त्याहून थोडा बारीक. आदल्या रात्री फ्रीजरमधून फ्रीजमध्ये काढून ठेवलेला, मग बंद पिशवीत घालून गरम पाण्यात, हाताला कोमटपेक्षा जरा जास्त लागेल इतका, साधारण 38 अंश. मायक्रोवेव्ह नको, आतून शिजतो आणि कधीकधी फुटतो. पुढचं वर्णन करत नाही. तीस सेंटिमीटरहून लांब चिमटा. नाकासमोर नाचवू नका. गुहेच्या तोंडाशी ठेवा, पेटी झाका, खोलीतून बाहेर जा. सकाळी नसेल तर उत्तम. असेल तर चिमट्यानं काढून टाका आणि दहा दिवस पुन्हा विषय काढू नका. दर दोन दिवसांनी उंदीर दाखवणं म्हणजे न जेवणाऱ्या पोराच्या मागे ताट घेऊन धावण्यासारखं आहे. पोरगं निदान रडून सांगतं.

जिवंत उंदीर देऊन बघू का, असं तुम्ही विचारलंय. नाही. उंदराचे हाल, आणि भुकेला नसलेला साप कोपऱ्यात सापडला तर उंदीर त्याला कुरतडतो. मी पाठीचा मणका उघडा पडलेला साप पाहिलाय.

किती दिवस उपाशी राहिला तर काळजी करायची? दिवस मोजू नका, वजन मोजा. स्वयंपाकघरातल्यासारखा एक वेगळा काटा घ्या, टब ठेवून शून्य करा, आठवड्यातून नको, पंधरा दिवसांतून एकदा. तीन वर्षांचा निरोगी नर दोन महिने न खाताही वजन राखून असतो. मूळ वजनाच्या दहा टक्के गेले तर डॉक्टर.

त्यानं लागोपाठ दोन वेळा खाल्लं, आणि मध्ये तुम्ही दोन आठवडे निमूट बसलात, की मग हात. खाल्ल्यानंतर 48 तास कधीही हात लावू नका, नाहीतर ओकतो, आणि ओकण्यानं साप फार खंगतो. डोळे दुधाळ झाले म्हणजे कात यायची आहे. तेव्हा त्याला धड दिसत नाही, म्हणून तो आणखी बुजतो. कात पडेपर्यंत रजा.

हातमोजे फेका. त्यांत तुम्हाला त्याचं अंग जाणवत नाही, तुम्ही जास्त दाबता, आणि त्याला तुमचा वास येण्याऐवजी चामड्याचा येतो. त्याऐवजी सापाचा हूक (टोकाला वाकवलेली लांब काठी) घ्या, नसेल तर गुंडाळलेला कागदाचा रूळही चालतो. क्रम दर वेळी तोच. दार सरकवा. थांबा, मनात वीस मोजा. हुकानं त्याच्या अंगाच्या मधल्या भागाला हळूच स्पर्श करा, थोपटल्यासारखा. डोक्याला नाही. तो जीभ काढेल, डोकं वळवेल. याचा अर्थ त्याच्यासाठी एकच ठरवायचा: हूक लागला म्हणजे उंदीर नाही. खायला देताना हूक कधीच नाही. पहिले चार-पाच दिवस इथेच थांबा आणि दार लावा. उचलायचं नाही.

मग उचलणं. हूक मध्यावर घालून पुढचा भाग किंचित उचला, दुसरा हात बाजूनं, वरून नव्हे, पोटाखाली. एकदा हात लावला की कचरू नका. हात पुढे-मागे झाला की तो चावतो. दोन मिनिटं, जमिनीलगत बसून. त्याला मुठीत धरू नका, तो चालेल तसा हाताखाली हात देत राहा, म्हणजे तो तुमच्यावर फांदीसारखा चालतो. मग स्वतः परत ठेवा. आठवड्यातून दोनदा. तीन आठवड्यांनी पाच मिनिटं. सुरुवातीला हे तुम्ही किंवा मिस्टर, एकानंच करा. लेक शेवटी, आणि तुमच्या मांडीशेजारी बसून.

इथे पाळणाऱ्यांत एक जुना वाद आहे. काही म्हणतात, तो झेपावला म्हणून परत ठेवलं तर तो शिकतो की झेपावलं की सुटका. तत्त्वतः बरोबर आहे. पण मी इतके साप हाताळले, आणि त्यातून माझं मत असं झालंय की झेप येईपर्यंत तुम्ही थांबलातच का? झेपेआधी मान मुडपते, श्वास मोठा होतो, जीभ थांबते. तिथेच तुम्ही थांबायचं. हूक मागे घ्या, तिथेच शांत बसा, तो सैल झाला की एकदा हलका स्पर्श करा आणि दार लावा. मग "सुटका" सैल होण्याला मिळते. जुना टी-शर्ट पेटीत ठेवावा म्हणजे वासाची सवय होते, असंही सांगतात. ठेवा हवं तर, नुकसान नाही. मला त्यानं फरक पडलेला दिसला नाही. कदाचित एक आणखी आडोसा मिळाला म्हणूनच साप खूश होत असतील.

तुम्ही विचारलंत की तीन वर्षांचा म्हणजे उशीर झाला का. कार्पेटची पिल्लं क्लिक-क्लॅकच्या (पिल्लं ठेवायच्या छोट्या प्लास्टिकच्या) डब्यात असतानाच तुटून पडतात आणि बहुतेक वर्षा-दीड वर्षात निवळतात. हा निवळला नाही, म्हणजे आधीच्या घरीही असंच काहीतरी असावं. त्यामुळे "लहान आहे, होईल शांत" असं मी म्हणणार नाही. तीन-चार महिने धरा. जंगल कार्पेटचं रक्त आहे, तो कधीच गळ्यात घालून फिरण्यातला होणार नाही कदाचित. पण दार उघडल्यावर न झेपावणारा, हुकावर निवांत येणारा, वेळेवर खाणारा साप व्हायला हरकत नाही. तेवढं पुरे नाही का? सर्पमित्र नीलिमकुमार खैरे 1980 मध्ये पुण्यात 72 विषारी सापांसोबत 72 तास काचेच्या खोलीत राहिले होते, तेही हेच दाखवायला की डिवचल्याशिवाय साप चावत नाही. त्या सापांना कोणी माणसाळवलं नव्हतं.

परवान्याचं तुम्ही काही लिहिलं नाही. व्हिक्टोरियात कार्पेट पायथन ठेवायला वन्यजीव परवाना लागतो, आणि तो साप घरी येण्याआधी तुमच्या नावावर हवा. राहिला असेल तर आधी ते बघा. आणि हे वाचून महाराष्ट्रातल्या कुणाला हुरूप आला असेल, तर: धामण असो की अजगर, महाराष्ट्रातले असे संरक्षित साप घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे गुन्हा आहे. अंगणात निघाला तर सर्पमित्राला बोलवा. बॉल पायथनसारखे परदेशी साप आधीच घरी असतील तर त्यांचीही सरकारकडे नोंदणी लागते.

हात दर वेळी साबणानं धुवा, आधी आणि नंतर. आधी, कारण उंदराचा किंवा चिकनचा वास. नंतर, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. पेटीतली भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका.

सासूबाई डिसेंबरात येणार आहेत आणि उंदीर मटारांच्या पाकिटाशेजारी ठेवलेत, हे वाचून मी मोठ्यांदा हसले. गॅरेजसाठी एक छोटा फ्रीजर बघा, जुना शंभर-दीडशे डॉलरला मिळतो. थर्मोस्टॅटच्या आधी नका घेऊ, पण नोव्हेंबरच्या आत घ्या. आणि दोन आकडे मला कळवा: उद्या पहाटे सहाला थंड टोकाचं तापमान, आणि चकलीचं वजन.